नवरा-बायको दोन गावांत : तुमचे अनुभव सांगा

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका. नवराही शिक्षक, पण नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. लग्नात वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत आंतरजिल्हा बदली होईल. नऊ वर्षं लागली. मराठवाड्यातले किती तरी शिक्षक असे कोकणात राहतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळी, उन्हाळा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, एवढाच आमचा संसार.

मागच्या जूनमध्ये हे कायमचे घरी आले. तिसऱ्या आठवड्यात आमच्या आठ वर्षांच्या लेकीनं जेवताना सहज विचारलं, "आई, बाबा या वेळी किती दिवस आहेत?" हे समोरच बसले होते. हातातला घास हातातच राहिला.

लांब राहण्याचे हाल सगळे सांगतात, परत आल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही. तोवर घर त्या माणसावाचून चालायला शिकलेलं असतं. दूधवाल्याचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, लेकीला कुठलं औषध सोसत नाही, सगळं माझ्या डोक्यात. यांनी काही विचारलं की मला झडती घेतल्यासारखं वाटायचं आणि यांना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं. तुमच्याकडे काय झालं? मोकळेपणानं लिहा.

फौजीची बायको, सातारा

ताई, आमच्याकडे हे दर रजेला होतं. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. हे आले की चार दिवस घरात जत्रा. पाचव्या दिवसापासून पोराला शिस्त लावायची, पहाटे पाचला उठवायचं. पोरगं माझ्या पदरामागं. एकदा मी बोलून गेले, "तुम्ही महिन्यानं जाणार, याचं रडणं मलाच निस्तरायचंय." रात्रभर ओसरीवर बसून होते. खोटं बोलले नव्हते मी, तरी ते वाक्य अजून टोचतं.

जहाजावरचा इंजिनियर

२०२० मध्ये बंदरांवर माणसं उतरवणं-चढवणंच थांबलं आणि माझा सहा महिन्यांचा करार अकरा महिन्यांवर गेला. मुलगा तेवढ्यात चालायला लागला. घरी आलो, हात पुढे केले, तर तो आजोबांच्या लेंग्याला बिलगला.

बायकोनं मग एक नियम घातला. आल्यावर पहिले पंधरा दिवस "हे असं का?" विचारायचं नाही. शाळेत सोडायला जायचं, भाजी आणायची, बघायचं. मला पटलं. जहाजावर आधीच्या माणसाकडून सगळा चार्ज समजून घेतल्याशिवाय मी एका व्हॉल्व्हला हात लावत नाही. घरी मात्र आल्या दिवसापासून हुकूम सोडत होतो.

गिरणी कामगाराचा मुलगा, राजापूर

तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरी फार पूर्वी झालं. बाबा लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. राहायला गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत, झोपायचंसुद्धा पाळीनं. गावात आई, आम्ही चौघं भावंडं, आजी-आजोबा आणि शेती. बाबा यायचे गणपतीला आणि मे महिन्यात. बाकी महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी. आईला वाचता येत नव्हतं, त्या ओळी पोस्टमन वाचून दाखवायचा. तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हटल्यावर मनातलं काय लिहिणार?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून बाबा गावी आले ते कायमचेच. पुढच्या पावसातली लावणी मला डोळ्यांसमोर दिसते. कुठल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, आधी चिखल करायचा, जोत म्हणजे बैलजोडी कुणाकडून मागायची, सगळं आईला ठाऊक. बाबा डोक्यावर इरलं घेऊन तिच्या मागून बांधावरून चालायचे. चार माणसांत आई त्यांना विचारायची, "खालचा कुणगा आधी घेवया ना?" बाबा "हो" म्हणायचे. ते "हो" आदल्या रात्री तिनंच त्यांना सांगून ठेवलेलं असायचं. आई गेल्यावर मावशीकडून हे कळलं.

बँकेतली अधिकारी

माझं उलटं आहे. प्रमोशन घेतलं, म्हणून मी परराज्यात आणि नवरा दोन मुलींसह पुण्यात. तो वेण्या घालायला शिकला, पहिले काही महिने भांग वाकडा. माझ्या आईसकट सगळ्यांनी मला विचारलं, "मुलींकडे कोण बघतं?" वरच्या फौजीभाऊंना, जहाजावरच्या दादांना कुणी हे विचारलं असेल का?

नागपूर

आमचं नाही टिकलं. चार वर्षं मी इथे, तो मुंबईत. भेटीचे दोन दिवस भांडणात घालवायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि पाळलंही. तिथेच चुकलं.

धागा सुरू करणारी

बँकेतल्या ताई, आमच्या यांनाही कुणी विचारलं नाही. मला मात्र विचारायचे, "घरात पुरुषमाणूस कोण आहे?"

एका शिक्षिका भगिनीनं विचारलंय, दोघं एकाच जिल्ह्यात पण लांबच्या तालुक्यांत असतील तर काय. बदल्यांसाठी शिक्षकांचे जे गट (संवर्ग) पाडलेत, त्यांत पती-पत्नी एकत्रीकरण संवर्ग २ मध्ये येतं. दोन शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर अर्ज भराच. अंतराचा दाखला आधीच काढून ठेवा, माझ्या मैत्रिणीचं अख्खं वर्ष त्यापायी गेलं.

जहाजावरचे भाऊ, तुमचा नियम यांना वाचून दाखवला. म्हणाले, "पंधरा दिवस बघेन, पण एक तरी काम पूर्ण माझ्याकडे दे." लेकीच्या दवाखान्याची फाइल त्यांच्याकडे दिली आहे. काल रात्री चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचत होते.