मदत हवी आहे: टीव्ही गेमच्या कॅसेटची उखडलेली पट्टी परत बसवता येते का?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. गावाकडच्या घराचं माळवद यंदा उतरवलं, तेव्हा पत्र्याच्या पेटीत जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेट निघाल्या. ६० पिनांच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल करून जे गेम आपल्याकडे विकले जायचे, त्यांच्या. माळवद गळायचं, पेटीत ओल गेली. वरून आईच्या डांबरगोळ्या. गोळी जिथं चिकटून राहिली तिथलं प्लास्टिक मऊ पडून खड्डा झालाय, पण दिसण्याचं काही नाही, ते राहू द्या.

सगळ्या खोलून कानकाडीने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. हिरवा गंज त्याला दाद देईना, म्हणून पांढरं व्हिनेगर अगदी थोडं लावलं आणि लगेच इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने पुसलं (आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर चढतात, ते सर्किटला कोण लावणार). बाकीच्या कॅसेट चालू झाल्या. मारिओ अडलाय.

संगीत बरोबर वाजतं, बटण दाबलं की उडीचा आवाजही येतो. पडद्यावर मात्र कुणी रांगोळी पायाने फिसकटल्यासारखे तुकडे. या गेमच्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमचा रॉम (माहिती कायम साठवणारी चिप) वेगळा, चित्रांचा वेगळा, आणि पिनाही साधारण तशाच वाटलेल्या: अर्ध्या लांबीत प्रोसेसरच्या, उरलेल्या अर्ध्यात चित्राच्या. भिंगाखाली धरलं तर चित्राच्याच बाजूची एक सोनेरी पट्टी तांब्यासकट उचलली गेलीय आणि तिच्यामागचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, गंजाने खाल्लाय.

ट्रॅकला जंपर मारीन, म्हणजे तुटल्या जागेवरून तार जोडीन. मोटार वाइंडिंगवाल्याकडून बारीक तार आणलीय, टोकाचं व्हार्निश ब्लेडने खरवडलं की कथिल धरतं. पण पट्टीचं काय? तिथं तार चिकटवली तर जाडी वाढून स्लॉटच्या पिना पसरतील आणि चांगल्या कॅसेटही हुकायला लागतील. ‘फेकून द्या, मोबाइलवर खेळा’ हे इथल्या एका रिपेअरवाल्याने सांगून झालंय. कृपा करून तेच परत नको.

प्रतिसाद, लातूरहून
दादा, आधी एक करा. कॅसेट गेममधून बाहेर काढा, मल्टिमीटर बझरवर ठेवा (जोड सलग असला की वाजतो) आणि तुटलेल्या ट्रॅकच्या पलीकडच्या टोकापासून बोर्डावरच्या काळ्या गोळ्यापर्यंत वाजतं का बघा. स्वस्तातल्या कॅसेटमध्ये चिप सुटी नसते, त्या काळ्या इपॉक्सीखाली केसापेक्षा बारीक तारांनी जोडलेली असते. ओल आत शिरून ती तार गेली असेल, तर पट्टी बसवूनही काही होणार नाही. आणि शेजारच्या पट्टीशी शॉर्ट नाही ना, तेही बघून घ्या.

बाहेर सगळं वाजलं तर तांब्याची पातळ चिकटपट्टी मिळते, तिची पट्टीच्या मापाची चिंधी कापा. चिकट बाजूवर विश्वास नको, खाली इपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या, वर कपड्याची चिमटी लावून रात्रभर ठेवा. कथिल फक्त मागच्या टोकाला, स्लॉटमध्ये जातो त्या भागावर टिपूससुद्धा नको.

प्रतिसाद
लै भारी. आम्ही तर फुंकर मारायचो आणि चालायची.

प्रतिसाद, लातूरहून
फुंकरीने नाही चालायची, काढून परत बसवताना पिना घासल्या जायच्या म्हणून चालायची. उलट तोंडाची वाफ तांब्याला लागते. तसंच ते खोडरबर! जोर लावला की सोन्याचा मुलामा निघतो.

मूळ प्रश्नकर्ता
बझर वाजला, शॉर्टही नाही! तांब्याची चिकटपट्टी परभणीत कुठं मिळेल? इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितली तर काळी इन्सुलेशन टेप हातात देतात.

प्रतिसाद, लातूरहून
गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, आतून शील्डिंगला तीच लावतात. नाहीतर ऑनलाइन, सगळ्यात अरुंद रोल घ्या.