डीएसएवर बंदी घातली की गृहकर्ज स्वस्त होईल म्हणे!

पाचपाखाडी

दोन दिवस एक पोस्ट ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेने २०१० साली कायदा करून मॉर्गेज ब्रोकरची दलाली मोडून काढली. आपल्याकडे केएफएस (कर्जाचा दर आणि सगळे खर्च एका जागी दाखवणारं बँकेचं पत्रक) आलं तरी डीएसए, म्हणजे कमिशनवर बँकांना कर्जाच्या फायली आणून देणारा एजंट, दर फायलीमागे वीस-पंचवीस हजार खातो आणि ते तुमच्याच ईएमआयमधून जातात. म्हणून डीएसएवर बंदी घाला, सगळ्यांनी थेट शाखेत जा.

आधी अमेरिका. डॉड-फ्रँक कायद्याने दलाली बंद केलीच नाही. तिथे 'यील्ड स्प्रेड प्रीमियम' नावाचा प्रकार होता. गिऱ्हाईक जितक्या कमी दराला पात्र असेल त्याहून जास्त दर त्याच्या गळ्यात मारला, की वरच्या फरकापोटी बँक ब्रोकरला बक्षिशी द्यायची. हा दुवा तोडला, आणि २०११ पासून तो नियम लागू आहे. ब्रोकरचा मोबदला व्याजदरावर ठरवायचा नाही, कर्जाच्या रकमेच्या टक्केवारीत चालतो. एकाच कर्जावर गिऱ्हाईक आणि बँक दोघांकडून घ्यायचा नाही. ब्रोकर अजूनही आहेत, मजेत आहेत. परवाना आणि त्याआधी वीस तासांचं प्रशिक्षण मात्र लागतं.

आपल्याकडे डीएसएला मिळणारं पेआउट मुळातच रकमेवर ठरतं. ६० लाखांच्या फायलीवर ०.४ टक्के धरले तर २४ हजार, त्यातून २ टक्के टीडीएस. तुम्ही थेट शाखेत गेलात म्हणून बँक हे २४ हजार तुम्हाला परत देत नाही, दरही कमी करत नाही. फाईल 'ब्रँच सोर्सिंग'मध्ये धरली जाते, एवढंच. तेव्हा 'तुमच्या ईएमआयमधून जातात' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण डीएसए गेल्याने ईएमआय एक रुपयानेही उतरणार नाही.

रेपो_मायनस

वा, वकीलपत्र छान घेतलंत. पण अर्धंच वाचून दाखवलंत.

पेआउट दरावर नसेल, पण सगळ्या बँकांचं सारखं आहे का? सरकारी बँक कमी देते, हाउसिंग फायनान्स कंपनी जास्त देते. शिवाय महिन्याचा स्लॅब असतो. अमुक कोटींचा टप्पा ओलांडला की आधीच्या सगळ्या फायलींचाही टक्का चढतो. मग २७-२८ तारखेला आलेली फाईल कुठे जाईल? ज्या बँकेत टप्पा गाठायला थोडंच कमी पडतंय तिथे. अमेरिकेने दराचा दुवा तोडला, इथे बँक निवडण्याचा दुवा शाबूत आहे आणि दर बँकेवरच ठरतो. फिरून तेच.

६० लाख, २० वर्षं. साडेआठला हप्ता ५२,०६९, सव्वाआठला ५१,१२४. महिन्याला ९४५ रुपये म्हणजे वीस वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर. हे कुणाच्या स्लॅबसाठी गेले?

त्यात बँकांचं फ्लोटिंग कर्ज ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य बेंचमार्कला बांधलेलं, बहुतेकांचं रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही, त्या स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर, पीएलआरवर चालतात. रेपो उतरला की त्यांचा दर सावकाश उतरतो, तोही उतरला तर. डीएसए हे कधी सांगतो का?

पाचपाखाडी

स्लॅबचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यावर उपाय बंदी की पेआउट उघड करणं? केएफएसच्या आठव्या रकान्यात बँकेला द्यायचे आणि बँकेमार्फत तिसऱ्याला द्यायचे पैसे वेगवेगळे लिहावे लागतात. डीएसएचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून ते तिथे येतच नाहीत. एक ओळ वाढवली तर काम होईल.

शाखेतला_कोपरा

आठव्या रकान्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. डीएसएला झोडपताना शाखेत काय चालतं तेही बघा. थेट शाखेत गेलात की समोर पहिला येतो विमा.

सिंगल प्रीमियम, समजा दोन लाख. 'रोख नको, कर्जातच टाकू.' साडेआठने वीस वर्षं म्हणजे हप्ता १,७३६ ने वाढला, एकूण चार लाख सोळा हजार. नियम सांगतो की बँकेमार्फत वसूल होणारा विमा एपीआरमध्ये, म्हणजे सगळे खर्च धरून निघणाऱ्या वार्षिक दरात, धरायचा आणि केएफएसमध्ये दाखवायचा. मग पळवाट काय? प्रीमियमचा चेक वेगळा, थेट विमा कंपनीच्या नावाने घ्यायचा. तो बँकेमार्फत गेला नाही, एपीआर चकाचक. 'ऐच्छिक' लिहिलेल्या कागदावर सही सँक्शनच्या दिवशी, बाकीच्या चाळीस सह्यांच्या गठ्ठ्यात.

केएफएस हातात आल्यावर किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी बँकेला बांधील असतात. ते तीन दिवस वापरा, त्याच टेबलावर सही करू नका. आणि केएफएसमध्ये नसलेली रक्कम तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. घेतली तर लेखी तक्रार करा, फोनवर वाद घालू नका.

करळफाटा

तुमचं ठाण्याचं सरळ आहे हो. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) झालेला टॉवर, बँकेने प्रोजेक्ट आधीच मंजूर केलेला, साइट ऑफिसातच चार टेबलं मांडलेली. तिथे डीएसए नसला तरी चालेल, मान्य.

घणसोली, कोपरखैरणे, कामोठ्यात साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या, भूखंडावरच्या इमारतीतला रीसेल फ्लॅट घेऊन 'थेट शाखेत' जा. मग बोलू. शाखेतल्या पोराला त्रिपक्षीय करार म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. बँकेच्या वकिलाला साखळी लागते: सिडकोचं वाटपपत्र, मूळ प्रकल्पग्रस्ताशी झालेला भाडेपट्ट्याचा करार, मग बिल्डरला हस्तांतर करताना सिडको, वाटपदार आणि बिल्डर यांच्यात झालेला त्रिपक्षीय, सीसी (बांधकाम परवानगी), ओसी, पहिल्या खरेदीदाराचा करारनामा इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा) सकट, आणि नंतरचे सगळे. एक कडी तुटली की 'लीगल निगेटिव्ह', आणि लॉगिनचे, म्हणजे अर्ज दाखल करतानाचे, पैसे परत नाहीत.

कडी कुठे तुटते तेही ठरलेलं. मूळ वाटपदार गेलेला, वारस सहा, सह्या पाच. किंवा बिल्डरने कुलमुखत्यारपत्रावर भूखंड उचललेला आणि सिडकोच्या दप्तरी त्रिपक्षीय झालाच नाही. किंवा ओसी चार मजल्यांची आणि फ्लॅट पाचव्यावर. जाणता डीएसए हे लॉगिनआधी बघतो. २४ हजार त्याचेच आहेत.

रेपो_मायनस

डीएसए बघतो?! डीएसए झेरॉक्स काढतो. सिडको भवनात खेटे घालणारा माणूस वेगळा, त्याचे पैसे वेगळे आणि ते रोख. कुठल्याच केएफएसमध्ये न दिसणारे. डीएसए फक्त त्याचा नंबर देतो आणि तिथेही आपला हिस्सा ठेवतो.

करळफाटा

हिस्सा ठेवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण झेरॉक्सवाला म्हणण्याआधी क्रम समजून घ्या. सिडकोची मॉर्गेज एनओसी (घर गहाण ठेवायला ना-हरकत) बँकेच्या नावाने निघते. बँक बदलली की एनओसी नव्याने. म्हणून आधी बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल, मग एनओसी. उलटं केलं आणि फाईल मध्येच दुसरीकडे नेली, की विक्रेत्याने दिलेली मुदत संपते आणि टोकन अडकतं. त्यातून घणसोलीत ओसी महापालिकेची, जमीन सिडकोची, म्हणजे दोन दारं. उलव्यात दोन्ही सिडको. हे पाव टक्का कमी दर दाखवणाऱ्या ॲपला कळतं का?

इंडेक्स_टू

क्रम बरोबर, फक्त त्यात एक भोक आहे. रीसेलमध्ये बँक डीडी काढून ठेवते, नोंदणी आठ-दहा दिवसांनी होते आणि व्याज डीडीच्या तारखेपासून लागतं. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने या प्रकारावर बोट ठेवलं होतं: पैसे प्रत्यक्ष हाती दिल्यापासूनच व्याज, जास्तीचं घेतलं असेल तर परत. ६० लाखांवर साडेआठने दिवसाला जवळपास १,४०० रुपये. विवरणपत्रावरची पहिली तारीख आणि डीडी हातात पडल्याची तारीख ताडून बघा. डीएसए हे सांगणार नाही, कारण डिस्बर्समेंट (कर्जवाटप) महिन्याच्या आत दिसलं तरच त्याचा स्लॅब भरतो.

करळफाटा

बघा, पुन्हा डीएसएवर. डीडीवर तारीख बँक टाकते!

रेपो_मायनस

आणि घाई कोण करतं? आणि साखळी तुटलेली फाईल तुमचा जाणता डीएसए सोडून देतो का? नाही. ती तो अशा कंपनीकडे नेतो जिथे कागद कमी बघतात, दर तीन-चार टक्के चढा आणि पेआउट दुप्पट. गावठाणातल्या घरांचं तर सरसकट हेच. पुढे विकायला काढलं की पुढचा खरेदीदार कुठल्याच बँकेत बसत नाही. ही 'सेवा'?

करळफाटा

मग त्या माणसाने राहायचं कुठे? कासारवडवलीच्या टॉवरात? कागदाचा घोळ सिडकोने आणि बिल्डरने घातला, शिव्या डीएसएला. वातानुकूलित खोलीत बसून कायदे सुचवायला काय जातंय!

रेपो_मायनस

खोलीवर घसरलात म्हणजे मुद्दा संपला वाटतं.

शाखेतला_कोपरा

दोघे जरा थांबा. सुधारणांनी दलालांचं काय झालं, हा विषय होता ना? त्याची खरी गंमत बॅलन्स ट्रान्सफरमध्ये, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्यात, आहे.

२०१२ मध्ये फ्लोटिंग गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड गेला. सुधारणा गिऱ्हाइकासाठी, फावलं डीएसएला. कर्ज हलवणं स्वस्त झालं आणि प्रत्येक हलवण्यावर नवं पेआउट. बँकांनी मग क्लॉबॅक आणला, ठरावीक महिन्यांत कर्ज बंद झालं तर पेआउट परत. म्हणून पहिलं वर्षभर डीएसए म्हणतो, 'दर आहे तो ठीक आहे, हलवू नका.' तेराव्या महिन्यात त्याचाच फोन येतो, 'साहेब, तुमचा दर फार चढा आहे.' हलवताना पुन्हा प्रोसेसिंग, पुन्हा लीगल-टेक्निकल, पुन्हा सब-रजिस्ट्रारकडे ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सूचना).

आणि जे कुणीच सांगत नाही ते असं. नवीन गिऱ्हाइकाला स्प्रेड (बेंचमार्कवर बँक लावते तो वाढीव टक्का) कमी मिळतो, जुन्याचा जुनाच राहतो. पण त्याच बँकेत अर्ज करून, थोडं शुल्क भरून बहुतेक ठिकाणी तो उतरवून घेता येतो. एक पानाचा अर्ज. त्यावर डीएसएला शून्य मिळतं. आता तो का सांगत नाही ते समजलं?

पाचपाखाडी

समजलं. आणि शाखा का सांगत नाही तेही समजलं, तिचंही त्यात नुकसानच आहे. म्हणूनच बंदीने काही होत नाही म्हणतोय.

ऑस्ट्रेलियात बँकांच्या चौकशी आयोगाने २०१९ मध्ये सुचवलं होतं की ब्रोकरला बँकेने नाही, कर्जदाराने पैसे द्यावेत. सरकार मागे हटलं, कारण लोक खिशातून पैसे देणार नाहीत आणि मग मोठ्या बँकांचं आयतंच फावेल. त्याऐवजी २०२१ पासून 'गिऱ्हाइकाचं हित आधी' हे ब्रोकरवर कायदेशीर बंधन. आपल्याकडे ॲपवाल्यांना तसलं थोडं लागू झालंय. अनेक बँकांचं कर्ज दाखवत असाल तर जुळणाऱ्या सगळ्या ऑफर एपीआरसह दाखवा. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभ्या डीएसएला मात्र काही नाही. घर विकणाऱ्या एजंटाला महारेराचं प्रमाणपत्र लागतं, त्याच घरावर साठ लाखांचं कर्ज बसवणाऱ्याला बँकेचा एक कोड पुरतो. तोही बऱ्याचदा दुसऱ्याचा.

रेपो_मायनस

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं: नियम हवा. एवढं लिहून तिथेच आलात. अभिनंदन.

पाचपाखाडी

तुम्ही बंदी म्हणत होता.

रेपो_मायनस

बंदी त्या पोस्टने म्हटलं, मी नाही. वर जाऊन वाचा. करळफाटावाल्यांचं एक मान्य: साडेबारा टक्क्यांची फाईल शाखेच्या भरवशावर टाकू नये. झेरॉक्सचा शब्द मागे. रोखीचा नाही.

करळफाटा

उपकार झाले. आता कुणी सांगेल का, सहावा वारस परदेशात असेल तर तिथल्या दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यावर किती दिवसांत मुद्रांकित करावं लागतं? डीएसए म्हणतो सहा महिने.

इंडेक्स_टू

तीन. महाराष्ट्रात आल्या तारखेपासून. पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का लागतो.