८ नंबरच्या रॉडवर ६ ची फ्लाय लाइन चालेल का?

खाडीकाठ (दहिसर):
नमस्कार मंडळी. आजवर गोराईच्या खाडीत स्पिनिंगवर जिताडा धरला, आता फ्लायने, म्हणजे पिसांच्या नकली माशीने, मासे धरायला शिकतोय. रॉड ९ फुटी, त्यावर ८ लिहिलंय. आतेभाऊ स्कॉटलंडला असतो, ट्राउट धरतो. त्याने त्याची जुनी लाइन दिली, डब्यावर डब्ल्यूएफ-६-एफ, म्हणजे पुढे जड, ६ नंबरची, तरंगणारी. रोज सकाळी गच्चीवर सराव करतो. रॉड वाकतच नाही, लाइन पायाशी गोळा होते. हात चुकतोय का?

मढचा गळवाला:
हाताचं नंतर बघू, दादा. स्पिनिंगमध्ये आमिषाच्या वजनाने रॉड वाकतो. फ्लाय म्हणजे पिसं नि दोरा, तिला वजन कुठलं? इथे रॉड वाकवते ती लाइन. म्हणून रॉडवर लिहिलेला आकडा लाइनचा.

हा आकडा ठरतो लाइनच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावर. ६ ला १६० ग्रेन, म्हणजे १०.४ ग्रॅम. ८ ला २१० ग्रेन, १३.६ ग्रॅम. तुमच्या रॉडला तीन ग्रॅम कमी पडताहेत.

मला एकदा बिनडब्याची लाइन मिळाली होती. ओळखीच्या सोनाराकडे गेलो. टोकाचा सरळ बारीक भाग सोडून ३० फूट मोजले, वेटोळं काट्यावर ठेवलं, उरलेली लाइन हातात सैल धरली. तोळ्याला ग्रॅमभर कमी भरली, म्हणजे ६ ची! तोळा ११.६६ ग्रॅमचा, ८ ची त्याच्यावर दोन ग्रॅम जाते.

खाडीकाठ:
मग ९ च घेऊ का? दुकानदार म्हणाला, रॉड आणखी छान वाकेल.

तिवरातला:
कुठे टाकणार त्यावर आहे. तिवरांच्या अरुंद फाट्यात मी २०-२५ फुटांवरच टाकतो, पूर्ण ३० फूट बाहेर येतच नाहीत. तिथे माझ्या ८ च्या रॉडवर ९ चीच असते. मोकळ्या पाण्यात लांब टाकायला गेलात तर तीच जड होते, रॉड दबून जातो.

मढचा गळवाला:
बरोबर. पण शिकताना ८ वर ८ च लावा, नाहीतर चूक हाताची की लाइनची ते कधीच कळणार नाही. आणि डब्यावर ट्रॉपिकल लिहिलेलं बघूनच घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या मे महिन्यात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते. मी असा एक अख्खा उन्हाळा वाया घालवलाय.

गच्ची मात्र आजच सोडा, कोब्यावर घासून लाइनचं कोटिंग जातं. मैदानात गवतावर करा, तेही सकाळीच. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की नवशिक्याची लाइन मागे पडते. खाडीवरून आल्यावर लाइन गोड्या पाण्यात धुवायची, कितीही दमलात तरी.

खाडीकाठ:
सोनाराकडे जाऊन आलो. १०.३ ग्रॅम. ८ ची ट्रॉपिकल मागवली. काट्यावर लाइन बघून सोनारकाका विचारत होते, मासा कुठला धरणार. जिताडा म्हटल्यावर पैसे घेईनात.