मदत हवी आहे: भाचीला डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर (भान, आठवण, स्वतःची ओळख यांचा धागा मधेच तुटण्याचा विकार) सांगितलंय, तिच्या कल्पनाळू स्वभावामुळेच हे झालं का?

निपाणीकर_मामा:
नमस्कार मंडळी. माझी ताई खानापूर तालुक्यात असते, तिच्या धाकट्या मुलीबद्दल विचारायचंय. पोर १९ वर्षांची, बेळगावात खोली घेऊन बी.ए. करते. दिवाळीपासून तिचं असं होतंय की बोलता बोलता नजर थिजते, हाक मारली तर ओ देत नाही. कधी दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात. भानावर आली की मधलं काहीच आठवत नाही म्हणते. एकदा खोलीवरून निघून थेट बसस्टँडवर पोचली, कशी ते तिला सांगता येईना. आरशात बघताना "ही मी नव्हेच" असं वाटतं, हे तिनं फक्त मला सांगितलंय.

घरात दोन तट पडलेत. ताईच्या सासूबाईंच्या अंगात यायचं, सौंदत्तीच्या जत्रेत तर हमखास. त्यांचं म्हणणं, यल्लम्मानं नातीला धरलंय, डोंगरावर नेऊन आणा. दाजी म्हणतात, परीक्षा टाळायचं नाटक. शेवटी मीच हट्टानं दवाखान्यात नेलं. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. मनोविकारतज्ज्ञांनी २८ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, सरासरी ३४ आली.

त्यांनी तिला विचारलं, गोष्टीत, गाण्यात इतकी बुडतेस का की भोवतालचं भान राहत नाही? झालं! दाजींनी घरी येऊन कादंबऱ्या कपाटात कोंडल्या आणि कॉलेजच्या नाटकातून नाव काढायला लावलं. पोर लहानपणापासूनच तशी आहे. शेंगा फोडायला बसवली तर टोपली तशीच आणि ही कुठल्या तरी राज्यात. खरं त्यानं कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तर स्वभाव हेच आजाराचं मूळ का? ३४ म्हणजे कितपत गंभीर? आणि लहानपणी काही वाईट घडलं होतं का, हे आम्ही खोदून विचारावं का?

दगडफूल:
आमच्या शेजारी असंच होतं, देवऋषीनं उतरवलं. करून बघायला काय जातं?

निपाणीकर_मामा:
जातं की. मिरच्यांची धुरी देतात, गोळ्या बंद करायला लावतात. दर्शनाला जरूर नेऊ, उपचार थांबवून नाही.

मलप्रभाकाठ:
मी क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते. निदान तिला तपासणाऱ्यांनीच करायचं, मी फक्त तुमच्या प्रश्नांपुरतं लिहिते.

तो फॉर्म बहुधा बर्नस्टाइन आणि पुटनम यांनी १९८६ साली मांडलेली डीईएस, म्हणजे डिसोसिएशनचे अनुभव मोजणारी मोजपट्टी असावी. प्रत्येक प्रश्नाला ० ते १०० टक्के आणि शेवटी सरासरी. ३० च्या वर गेलं की सविस्तर मुलाखत घ्या, एवढाच त्याचा अर्थ, तो निदानाचा शिक्का नव्हे. त्यात वाचनात, सिनेमात रंगून जाण्याचेही प्रश्न असतात आणि तिथे धडधाकट माणसंही बऱ्यापैकी गुण मिळवतात. तुमच्या भाचीचे ३४ कुठून आले ते बघायला हवं. विसर पडणं, स्वतःचं शरीर परकं वाटणं अशा आठ प्रश्नांचा वेगळा गट आहे, तो जास्त बोलका असतो.

रंगून जाण्याच्या या वृत्तीची मोजपट्टी टेलेगन आणि ॲटकिन्सन यांनी १९७४ मध्ये केली. हा स्वभावाचा गुण आहे, रोग नाही. डिसोसिएशन असलेल्यांमध्ये तो सरासरीनं जास्त दिसतो, हे खरं. पण तो असलेली बहुतेक माणसं मजेत जगतात, नाटकं करतात. त्याच्या जोडीला मनात काय चाललंय ते ओळखून बोलता न येणं, धसका घेण्याचा स्वभाव, सोसलेले आघात, मोडलेली झोप असं काही आलं की पारडं झुकतं. आघात महत्त्वाचा की कल्पनाशक्ती आणि सूचनाक्षमता (दुसऱ्याच्या सूचनेनं वाहवण्याची वृत्ती), यावर संशोधकांमध्ये वर्षानुवर्षं भांडण आहे, आता बरेच जण दोन्ही धरतात. झोपेकडे मात्र लगेच लक्ष द्या. जागरणानं ही लक्षणं वाढतात आणि झोप सुधारली की उतरतात, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दिसलंय. खोलीवर रात्री मोबाईल किती चालतो, विचारा.

पुस्तकं परत द्या. आवडीचं काढून घेऊन ही लक्षणं थांबत नाहीत, उलट तिला शिक्षा झाल्यासारखं वाटेल.

खोदून विचारू नका, हे ठासून सांगते. अशा मुली समोरच्याच्या सूचनेनं लवकर वाहवतात. "नीट आठव, काका काही बोलले होते का" असं दहादा विचारलं तर न घडलेलंही आठवल्यासारखं होऊ शकतं, आणि खरंच काही घडलं असेल तर ते तोंडातच राहतं. ती आपणहून बोलली तर मध्ये न तोडता ऐका.

दाजींना सांगा, हे नाटक नव्हे, ती मुद्दाम करत नाही. आजींचं अंगात येणंही आजारात मोडत नाही. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, श्रद्धेचा भाग म्हणून समाजानं स्वीकारलेलं अंगात येणं वगळलंय. नको असताना, आवर न घालता येता आलं आणि त्रास झाला तरच तो विकार.

ईईजी एकदा नॉर्मल आला म्हणून फेफरं नाहीच असं होत नाही. पुढच्या वेळी तिच्या परवानगीनं मोबाईलवर व्हिडिओ घ्या. डोळे मिटलेले की उघडे, किती वेळ चाललं, हे न्यूरॉलॉजिस्टला फार उपयोगी पडतं. तोंडात चमचा घालू नका, कांदाही हुंगवू नका.

धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था तुम्हाला जवळची. मधेच अडलं तर टेली मानस ही सरकारी फोन हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा आली तर थांबू नका, त्याच दिवशी न्या.

निपाणीकर_मामा:
आभार, ताई. कपाटाची किल्ली दाजींकडे आहे, तेवढं मी बघतो. झोपेचं विचारलं, रात्री दोनपर्यंत जागी असते म्हणाली. डिमहान्सला आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, की थेट ओपीडीत गेलं तर चालतं? आणि ती मराठीत बोलेल, तिला कन्नड नीट येत नाही. कुणी अलीकडे गेलं असेल तर कळवा.