पॅकेजिंगची नोंदणी केली तरी लिस्टिंग बंद! मदत हवी आहे (तातडीची)

खडे_मणी
मंडळी, इमिटेशन ज्वेलरी, केसांच्या क्लिपा, स्क्रंची असा आमचा छोटा धंदा, सगळी विक्री ऑनलाइन. मार्केटप्लेसने एका झटक्यात सगळी लिस्टिंग बंद केली. कारण काय, तर पॅकेजिंगची नोंदणी नाही. नोंदणी केली, नंबर टाकला, तरी 'अवैध' म्हणून परत. सपोर्टवाले तेच ते छापील उत्तर पाठवतात. सीझन तोंडावर आलाय. चिमूटभर कानातले पाठवणारी माणसं आम्ही, आमचा कचरा तो असा किती? पुढे काय करायचं तेवढं सांगा, प्रवचन नको.

हिशेबनीस
देश कोणता? माल तुमच्याकडून थेट जातो की तिथल्या गोदामातून? आणि टाकलात तो नंबर कसला? फ्रान्सचा नंबर जर्मनीत चालत नाही.

पुठ्ठासम्राट
एजंट धरा आणि मोकळे व्हा. माझं सगळं तोच बघतो, मी फक्त पैसे भरतो. डोक्याला ताप नाही.

खडे_मणी
जर्मनी. थेट पाठवतो. नंबर डीईने सुरू होतो, आता आणखी काय सांगू?

हिशेबनीस
डीईपुढे आकडे किती? जर्मन व्हॅट नंबरसुद्धा डीईनेच सुरू होतो, त्यात पुढे 9 आकडे असतात. ल्युसिडच्या, म्हणजे जर्मनीच्या पॅकेजिंग नोंदवहीच्या, नोंदणी क्रमांकात 13.

खडे_मणी
13च आहेत हो. तेवढं कळतं.

गुळगुळीत_खोका
पाकिटावर ग्रीन डॉटचं, म्हणजे त्या दोन गुंतलेल्या बाणांचं, चिन्ह छापा. आम्ही पहिल्यापासून छापतो, कधी कोणी विचारलं नाही.

काटेकोर
@गुळगुळीत_खोका, ते चिन्ह जर्मनीत 2009 पासून सक्तीचं नाही. शिवाय ते ट्रेडमार्क आहे, परवान्याशिवाय छापलंत तर वेगळंच लफडं. कोणी विचारलं नाही याचा अर्थ चालतं असा होत नाही.

@खडे_मणी, दोन गोष्टी बघा. ल्युसिडची यादी सगळ्यांना खुली आहे, तुमचा नंबर तिथे शोधा. समोर आलेलं नाव आणि मार्केटप्लेसच्या खात्यावरचं नाव अक्षरशः एकच आहे का? एकीकडे फर्म आणि दुसरीकडे मालकाचं नाव असेल तर ताळा जुळत नाही. ब्रँडच्या रकान्यात काय भरलंय तेही बघा. खोक्यावर ब्रँड नसेल तर तिथे फर्मचं नाव टाकतात.

दुसरं, ड्युअल सिस्टीमचा करार झालाय का?

खडे_मणी
कसला करार? नोंदणी फुकट होती, ती झाली. संपलं ना?

काटेकोर
नाही संपलं. फुकट आहे ती फक्त नोंदणी. तुमचं पॅकेजिंग तिथल्या घरातल्या कचऱ्यात जातं, ते गोळा करून पुनर्वापरापर्यंत नेणाऱ्या ज्या कंपन्या आहेत त्यांना ड्युअल सिस्टीम म्हणतात. त्यातल्या एकीशी करार करायचा, वर्षाचं वजन कळवायचं आणि तोच आकडा ल्युसिडमध्येही भरायचा. दोन्हीकडचे आकडे जुळलेच पाहिजेत. 1 जुलै 2022 पासून हे तपासल्याशिवाय विक्री चालू ठेवायला मार्केटप्लेसला मनाई आहे, म्हणून ते असे वागतात. किमान मर्यादा वगैरे काही नाही, एक पाकीट पाठवलं तरी लागू. करार नसेल तर दंड 2 लाख युरोपर्यंत जाऊ शकतो.

वजन काढणं सोपं आहे. एक ऑर्डर नेहमीसारखी बांधा आणि परत सोडा. कानातल्यांचं कार्ड, डबी, बाहेरचा खोका, आतला चुरगळलेला कागद एका ढिगात. झिपची पिशवी, बबल रॅप, चिकटपट्टी दुसऱ्या ढिगात. ग्रॅमच्या काट्यावर दोन्ही मोजा. समजा कागद 45 ग्रॅम आणि प्लास्टिक 4 ग्रॅम निघालं. वर्षाला 600 ऑर्डरी धरल्या तर 27 किलो कागद, 2.4 किलो प्लास्टिक. दागिन्याचं वजन धरायचं नाही. दागिन्याला दोऱ्याने लटकवलेलं लेबल मात्र धरायचं, युरोपच्या 1994 च्या निर्देशातच ते पॅकेजिंग म्हणून नोंदलंय.

पुठ्ठासम्राट
वाचूनच दमलो. म्हणून म्हणतो, एजंट!

हिशेबनीस
तुमच्या एजंटने ल्युसिडची नोंदणीही स्वतःच केली काय? ती विक्रेत्यालाच करावी लागते, त्रयस्थाला परवानगी नाही. बाकी कामं अधिकृत प्रतिनिधीला देता येतात. जरा तपासून घ्या.

पुठ्ठासम्राट
माझं व्यवस्थित चालू आहे, तुम्ही काळजी करू नका.

रंगीत_रिबन
ड्युअल सिस्टीमचं शुल्क आधीच भरलेले खोके विकत मिळतात असं ऐकलंय. ते घेतले तर ही भानगडच नको?

काटेकोर
ती सोय दुकानात गिऱ्हाइकासमोर भरल्या जाणाऱ्या पॅकिंगपुरती, म्हणजे बेकरीची पिशवी वगैरे. पार्सलचे खोके त्यात बसत नाहीत.

खडे_मणी
अंगठीची मखमली डबी धरायची का? गिऱ्हाईक ती जपून ठेवतं, फेकत नाही.

हिशेबनीस
वस्तूबरोबर आयुष्यभर राहील अशी असेल तर पॅकेजिंग नाही, असा युक्तिवाद होतो. पण तो टिकाऊ डबीलाच शोभतो. पातळ पुठ्ठ्याच्या डबीत स्पंजचा तुकडा ठेवून त्याला 'आयुष्यभर' म्हटलं तर कोण ऐकेल? खात्री नसेल तर सरळ धरा, वजन असून असून किती असणार.

काटेकोर
अशा अडचणींसाठी नोंदणीच्या संस्थेनेच वस्तूनिहाय कॅटलॉग काढलाय, त्यात शोधा. नुसत्या युक्तिवादावर विसंबू नका. आणि डबी धरलीत तर स्पंज हाताने सुटा होतो, तो प्लास्टिकमध्ये. पुठ्ठ्याला चिकटलेला प्लास्टिकचा थर हाताने निघत नसेल आणि कागद 95 टक्क्यांहून कमी असेल, तर तो संमिश्र प्रकार. त्याचा दर वेगळा.

चांदीवेडी
अवांतर: प्लास्टिक टाळायचं म्हणून चांदी साध्या पुठ्ठ्यात ठेवू नका कोणी! कागदातल्या गंधकाने काळी पडते. आम्लरहित टिश्यू घ्या. रबर बँड तर लावूच नका.

गुळगुळीत_खोका
ते इमिटेशन विकतात, चांदी कुठून आली?

चांदीवेडी
मुलामा चांदीचा असतो की! तोही काळवंडतो.

रंगीत_रिबन
युरोपचा पॅकेजिंगचा नवा नियम 12 ऑगस्ट 2026 पासून लागू होतोय ना? त्यात मोठे खोके बंद?

काटेकोर
तारीख बरोबर, पण खोक्यांचं कलम त्या दिवसापासून नाही. पार्सलमधली रिकामी जागा 50 टक्क्यांच्या आत ठेवायची अट 2030 पासून येते. गंमत म्हणजे बबल रॅप आणि कागदाचा चुरा हीसुद्धा रिकामी जागाच धरतात. कानातल्यांच्या जोडीला बुटाचा खोका वापरणाऱ्यांनी आत्तापासून लहान माप शोधावं.

खडे_मणी
खात्यावर बायकोचं नाव आहे, नोंदणी फर्मची. बदल टाकलाय, करारही घेतला. अजून 'तपासणी सुरू' दाखवतंय. काटेकोर, हिशेबनीस, धन्यवाद. स्क्रंचीच्या कार्डाला वर प्लास्टिकचा हुक आहे, तो कुठे धरू?

काटेकोर
हाताने निघतो का?

खडे_मणी
निघतो.

काटेकोर
मग कार्ड कागदात, हुक प्लास्टिकमध्ये.