आउटलूकमधल्या कोर्टाच्या तारखा मोबाईलवर येत नाहीत, आणि आल्या त्या रात्री अकराच्या दिसतात

ज्युनियर_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण ज्याला विचारावं तो "सिंक ऑन कर" एवढंच सांगतो आणि ते ऑनच आहे.

मी एका सीनियर वकिलांकडे ज्युनियर आहे. ऑफिसात एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे, विंडोज ११ आणि ऑफिस २०२१. आमचे क्लार्क काका रोज संध्याकाळी कोर्टातून आले की डायरीतल्या पुढच्या तारखा आउटलूकच्या कॅलेंडरमध्ये टाकतात, कोर्ट नंबर, केस नंबर, स्टेज सगळं व्यवस्थित. सरांकडे आयफोन, माझ्याकडे आणि दुसऱ्या ज्युनियर मॅडमकडे अँड्रॉइड. ऑफिसचा मेल तिघांच्याही मोबाईलवर येतो, कॅलेंडर मात्र कोरं. सरांचं म्हणणं असं की पूर्वी नोकियाला केबल लावली की सगळ्या तारखा फोनमध्ये यायच्या, मग आता एवढे महागडे फोन असून का येत नाहीत, आणि मला उत्तर देता येत नाही.

एका मित्राच्या सांगण्यावरून मी कॅलेंडर आयसीएस फाईल (एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात नोंदी न्यायची फाईल) म्हणून सेव्ह केलं आणि माझ्या गुगल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केलं. तारखा आल्या, पण सकाळी साडेदहाची तारीख रात्री अकराला दिसते! नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या ज्या आहेत त्या तर रात्री बाराला, म्हणजे थेट दुसऱ्या दिवशीवर गेल्या. 'ऑल डे' म्हणून टाकलेल्या नोंदी मात्र बरोबर आहेत. शिवाय त्यानंतर काकांनी ज्या तारखा बदलल्या त्या माझ्याकडे जुन्याच राहिल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कामं वाढलीत, एकाच दिवशी जिल्हा कोर्ट आणि हायकोर्ट दोन्हीकडं उभं राहायला लागतं. तारीख चुकली तर पक्षकाराचं नुकसान होतं हो, मॅटर डिफॉल्टमध्ये, म्हणजे गैरहजर राहिल्यामुळे, डिसमिस होऊ शकतं. कुणीतरी नीट सांगा की काय करायचं.

जुना_मेंबर_नाशिक

गुगलचं कॅलेंडर सिंक म्हणून छोटं सॉफ्टवेअर येतं ते टाका, आउटलूक आणि गुगल दोन्ही बाजूंनी सिंक होतं, फुकट आहे. मी बरीच वर्षं वापरलंय, दर दहा मिनिटांनी वगैरे आपोआप व्हायचं.

साताऱ्याचा_सपोर्टवाला

दादा, ते बंद होऊन जमाना झाला. २०१२ च्या डिसेंबरात गुगलने त्याचं डाउनलोड थांबवलं आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते चालायचंच बंद झालं. आता त्या नावाने कुठल्या साईटवर काही मिळालं तर अजिबात इन्स्टॉल करू नका, विशेषतः वकिलांच्या मशीनवर. गुगलचं आउटलूकसाठीचं आत्ताचं जे टूल आहे ते पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस अकाउंटलाच चालतं, साध्या जीमेलला नाही.

@ज्युनियर, आधी एक बघून सांगा. आउटलूकमध्ये फाईल, मग अकाउंट सेटिंग्ज, त्यात परत अकाउंट सेटिंग्ज. जी खिडकी उघडेल त्यात तुमच्या मेल आयडीपुढे टाइप नावाचा कॉलम आहे तिथं काय लिहिलंय? आणि कॅलेंडर उघडल्यावर डाव्या बाजूला कॅलेंडरच्या नावापुढे कंसात 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं काही दिसतं का?

आणि घड्याळाचं पण बघा. खाली उजवीकडे घड्याळावर राइट क्लिक करून डेट अँड टाइमच्या सेटिंगमध्ये टाइम झोन कुठला आहे? माझा अंदाज आहे पण तुमच्याकडून ऐकू दे.

ज्युनियर_कोल्हापूर

टाइपमध्ये पॉप/एसएमटीपी लिहिलंय. मेल आमच्याच डोमेनचा आहे, एका होस्टिंगवाल्याकडून घेतलेला. 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं कुठं दिसत नाही, डेटा फाईल्सच्या टॅबमध्ये मात्र पीएसटी फाईल (आउटलूक आपला डेटा ज्यात साठवतो ती) दिसते, डी ड्राइव्हवर आहे.

टाइम झोन पॅसिफिक टाइम, यूएस अँड कॅनडा असा आहे!! घड्याळ मात्र बरोबर वेळ दाखवतं. हे कुणी केलं असेल?

साताऱ्याचा_सपोर्टवाला

हेच वाटलं होतं. विंडोज नव्याने टाकताना झोन तसाच राहतो आणि मग कुणीतरी वेळ हाताने पुढे करून ठेवतो. घड्याळ बरोबर दिसतं म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण एकाच मशीनवर सगळं चालू असतं. तारीख मशीनच्या बाहेर पडली की कळतं. तुमच्या काकांनी साडेदहा टाइप केले, आउटलूकने ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे साडेदहा म्हणून लिहून ठेवले, आणि तुमच्या मोबाईलने ते प्रामाणिकपणे भारतीय वेळेत करून दाखवले. तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना फरक साडेबारा तासांचा, म्हणून रात्रीचे ११. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेतेरा तासांचा होतो आणि साडेदहाचे रात्रीचे १२ होतात. ऑल डे नोंदीची आयसीएसमध्ये वेळ जात नाही, नुसती तारीख जाते, म्हणून त्या बरोबर आल्या.

महत्त्वाचं: टाइम झोन आत्ता लगेच बदलू नका. बदललात की आउटलूकमधल्या जुन्या सगळ्या नोंदीही रात्री ११ वर सरकतील, आणि ऑल डे नोंदी दोन-दोन दिवसांवर पसरतील, कारण आउटलूक स्वतः त्या मध्यरात्र ते मध्यरात्र अशा वेळेसकट ठेवतो. आधी डेटा बाहेर काढायचा, त्याचं खाली लिहितो.

आता मूळ दुखणं. पॉप म्हणजे फक्त मेल उतरवून घ्यायची पद्धत. त्यात कॅलेंडर नावाचा प्रकारच नाही. आयमॅप केलं तरी तेच, तो पण फक्त मेल आणि फोल्डर नेतो. तुमचं कॅलेंडर त्या डी ड्राइव्हवरच्या पीएसटी फाईलमध्ये आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. मग मोबाईलचं सिंक कितीही ऑन केलं तरी तो आणणार कुठून? नोकियाच्या वेळी पीसी सूट केबलमधून थेट ती फाईल वाचून फोनमध्ये भरायचा, म्हणून सरांना ते आठवतंय आणि ते बरोबरच आहे. (आयफोनला अजूनही आयट्यून्समधून केबल लावून आउटलूकचं कॅलेंडर घालता येतं, इन्फो टॅबमध्ये, पण रोज कोण केबल लावत बसणार आणि तुम्हा दोघांच्या अँड्रॉइडचं काय.) आताचे फोन कॉम्प्युटरशी बोलत नाहीत, दोघंही इंटरनेटवरच्या अकाउंटशी बोलतात. तर कॅलेंडरचं मूळ ठिकाण एखाद्या अकाउंटवर हलवायचं, बाकी सगळे तिथून वाचणार आणि तिथंच लिहिणार. डायरी कोर्टात कशी एकच असते, प्रत्येकाने आपली वेगळी ठेवली की झालंच, तसं.

ठाण्याची_सीए

सपोर्टवाल्यांशी सहमत, फक्त अकाउंट कुठलं यावर बोलते. आमच्या ऑफिसात जीएसटी, टीडीएसच्या ड्यू डेट्स अशाच सगळ्यांना दिसायला हव्या होत्या आणि आम्ही सगळे गुगलवाले. आम्ही कॅलडॅव सिंक्रोनायझर नावाचं ऍड-इन टाकलंय आउटलूकमध्ये, फुकट आणि ओपन सोर्स आहे, गुगल कॅलेंडरशी दोन्ही बाजूंनी सिंक करतं. एकदा प्रोफाइल बनवली की बघावं लागत नाही. अँड्रॉइडवाल्यांना मग वेगळं ऍप लागत नाही हा मोठा फायदा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, ते क्लासिक आउटलूकमध्येच चालतं, नवीन आउटलूकमध्ये असली ऍड-इन चालतच नाहीत. विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत दोन आउटलूक दिसतील, ज्याच्यापुढे क्लासिक लिहिलंय तेच उघडायचं, काकांना तेवढं टास्कबारवर पिन करून द्या. दोन, एका वेळी एकच सिंकचं साधन ठेवा. आमच्याकडे एका मॅडमनी आयक्लाउड पण जोडलं आणि प्रत्येक ड्यू डेट दोनदोनदा यायला लागली, एकाने लिहिलेलं दुसरा नवीन समजून परत पाठवतो, मग साफ करताना खरी कुठली आणि नक्कल कुठली हेच कळेना.

साताऱ्याचा_सपोर्टवाला

ताई बरोबर आहे, चांगलं ऍड-इन आहे. तरी या केसमध्ये मी आउटलूक डॉट कॉमचं फुकट अकाउंट सुचवीन, कारण काका आउटलूकमध्येच लिहिणार आणि मध्ये तिसरं काही नसलं की बिघडायला कमी. ऑफिसच्या नावाने एक अकाउंट काढा, टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, नंबर सरांचा द्या म्हणजे कोण सोडून गेलं तरी अडत नाही.

क्रम असा ठेवा. आधी आउटलूक पूर्ण बंद करून ती पीएसटी फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा, हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग आउटलूक उघडून फाईल, ओपन अँड एक्सपोर्ट, इम्पोर्ट/एक्सपोर्ट, एक्सपोर्ट टू अ फाईल, त्यात कॉमा सेपरेटेड म्हणजे सीएसव्ही निवडा, कॅलेंडर फोल्डर निवडा, तारखांची रेंज विचारेल तिथं आजपासून पुढची दोन वर्षं द्या, मागचं हलवायची गरज नाही ते पीएसटीत राहील. आयसीएस न घेता सीएसव्ही का, तर त्यात टाइम झोन नसतो, नुसतं १०:३० असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याला तेच पाहिजे.

ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. देवनागरीत लिहिलेल्या नोंदींच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर त्या बाजूला काढा आणि शेवटी हाताने टाका. मग आउटलूक बंद, टाइम झोन बदलून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली वाला करा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' पण ऑन करा, मशीन रिस्टार्ट. परत आउटलूक उघडून नवीन अकाउंट जोडा, ते एक्सचेंज टाइपचं म्हणून दिसेल. आता त्याच इम्पोर्ट/एक्सपोर्टमधून सीएसव्ही इम्पोर्ट करा आणि डेस्टिनेशन फोल्डर विचारेल तेव्हा *नवीन अकाउंटच्या खालचं* कॅलेंडर निवडा, बरेच जण इथंच चुकतात आणि परत जुन्याच पीएसटीत टाकून बसतात. शेवटी अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाईल्स टॅबमध्ये नवीन अकाउंटला सेट ऍज डिफॉल्ट करा, म्हणजे काकांनी नवीन तारीख टाकली की ती आपोआप तिकडेच जाईल. जुन्या कॅलेंडरपुढची टिक काढून टाका, नाहीतर त्यातल्या सरकलेल्या तारखा समोर दिसत राहतील आणि काका गोंधळतील.

ऍड_पुण्यातून

तांत्रिक भाग वरच्यांनी छान सांगितलाय, मी वकील म्हणून थोडं. तारखा आपल्या मशीनवरून कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आहेत हे सरांच्या कानावर घाला आणि त्यांची परवानगी घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्यातलं १२६) आपल्याला माहीतच आहे, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं आपण बाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हणून नोंदीत केस नंबर, कोर्ट, स्टेज एवढंच लिहावं, सेटलमेंटची रक्कम किंवा पक्षकार काय म्हणाला असलं काही नोट्समध्ये नको. आणि ताईंनी नवीन आउटलूकचं काढलंच आहे तर, त्यात जीमेल किंवा दुसरं अकाउंट जोडलं की तो मेलसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होतो, तेव्हा ऑफिसचा मेल त्यात जोडताना विचार करा.

दुसरं, कॅलेंडर कितीही चांगलं चाललं तरी तारीख रोजनाम्यातलीच (कोर्टाच्या स्वतःच्या रोजच्या नोंदीतलीच) खरी. ई-कोर्ट्सच्या ऍपमध्ये सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर), तो १६ अक्षरी असतो, टाकून सगळ्या केसेस 'माय केसेस'मध्ये सेव्ह करा आणि शनिवारी एकदा आउटलूकशी ताडून बघा. आता तर तुमच्या तारखा सरकल्या होत्या, त्यामुळे हे पहिल्या आठवड्यात रोज करा, कंटाळा करू नका.

ज्युनियर_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना विचारलं, कलम १३२ चा मुद्दा त्यांना पटला, पक्षकारांची नावं न लिहिता फक्त केस नंबर लिहायचं ठरलं. काल कोर्ट सुटल्यावर काका आणि मी बसून सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं. मराठीत लिहिलेल्या नोंदींची खरंच प्रश्नचिन्हं झाली होती, त्या काकांनी डायरी बघून परत टाकल्या. साडेदहाच्या तारखा आता साडेदहालाच आहेत, नोव्हेंबरच्या पण. माझ्या आणि मॅडमच्या फोनवर आउटलूकचं ऍप टाकलं, त्यात अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'सिंक कॅलेंडर्स' ऑन केल्यावर फोनच्या कॅलेंडरमध्ये पण दिसायला लागलं. माझ्या गुगल कॅलेंडरमध्ये आधी इम्पोर्ट केलेल्या रात्री अकराच्या सगळ्या नोंदी डिलीट केल्या.

एक राहिलंय. सरांच्या आयफोनवर अकाउंट जोडलंय आणि तारखा दिसतात, पण काकांनी नवीन टाकलेली तारीख आमच्याकडे लगेच येते आणि सरांच्याकडे बऱ्याच वेळाने. आणि सरांनी स्वतः फोनवर टाकलेली एक तारीख आउटलूकमध्ये आलीच नाही.

साताऱ्याचा_सपोर्टवाला

छान झालं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅलेंडर, तिथं अकाउंट्स, त्यात सगळ्यात खाली फेच न्यू डेटा आहे. वरचं पुश (म्हणजे बदल झाला की लगेच फोनवर पाठवणं) ऑन करा आणि या अकाउंटपुढे फेच किंवा मॅन्युअल असेल तर तिथंही पुश करा. लो पॉवर मोड सतत चालू ठेवायची सवय असेल तर तो बंद ठेवायला सांगा.

न आलेली तारीख बहुतेक सरांच्या आयक्लाउडच्या कॅलेंडरमध्ये गेली असणार. त्याच कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट कॅलेंडर आहे, तिथं नवीन अकाउंटचं निवडा. ती जुनी नोंद उघडून एडिटमध्ये कॅलेंडर बदललं की ती पण इकडे येईल. आयफोन आणि अँड्रॉइडचे स्क्रीन व्हर्जनप्रमाणे थोडे मागेपुढे असतात, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये नाव टाकून बघा.

ज्युनियर_कोल्हापूर

आयक्लाउडमध्येच गेली होती. पुश केलं, आता काकांनी सेव्ह दाबलं की सरांच्या फोनवर लगेच येतंय.