साडेतीन वर्षांचा मुलगा नवा पदार्थ जिभेलाही लावत नाही

प्रश्न – अळूवडी (पुणे)

आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. उष्टावणानंतर दीड वर्षाचा होईपर्यंत तो नाचणीचे सत्त्व, लाल भोपळा घातलेली खिचडी, कुस्करलेली मेथी असे समोर येईल ते खात असे. परंतु दोन वर्षे पूर्ण होता होता एकेक पदार्थ त्याच्या ताटातून गळत गेला आणि आता वरणभात, तूपसाखर-पोळी, डोसा, केळे आणि बटाट्याच्या काचऱ्या एवढेच उरले आहे. वरणात कोथिंबिरीचे पान दिसले तरी ताट दूर सारले जाते. मे महिन्यात माझ्या माहेरी देवरुखला गेलो असताना फणसाची भाजी, घावन, सोलकढी यांपैकी काहीही त्याने चाखले नाही. आंबोळी म्हणजे डोशाचीच बहीण, असेही सांगून पाहिले, पण ती मऊ आहे हे त्याने हात न लावता ओळखले.

सासूबाई गोष्टी सांगत भरवतात, मी "दोन घास भाजी खाल्लीस तर चॉकलेट" असा सौदा करते आणि काहीच जमले नाही की मोबाइल पुढे येतो. वजन आणि उंची वयाच्या मानाने योग्य असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. तरीही विचारते: हा हट्ट आहे की आणखी काही? किती वेळा नाकारल्यावर एखादा पदार्थ सोडून द्यावा? आणि पराठ्याच्या कणकेत भाज्या लपवणे योग्य आहे का?

उत्तर – मेतकूट

मी लहान मुलांच्या आहाराविषयी सल्ला देण्याचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण वर्णन केलेला क्रम अगदी ठरावीक आहे. अनोळखी अन्नाविषयीची भीती साधारण दोन ते सहा या वयात सर्वाधिक असते. त्याचे एक मान्य स्पष्टीकरण असे की, मूल स्वतःच्या पायाने हिंडू लागले की दिसेल ते तोंडात घालण्याचा धोका वाढतो, आणि वनस्पतींमधील विषारी द्रव्ये बहुधा कडू असल्यामुळे हिरव्या, कडसर पदार्थांविषयीचा संशय त्या वयात मुलाचे रक्षणच करतो. शिवाय याच काळात भूकही खरोखर कमी होते: पहिल्या वर्षात सुमारे सहा किलोंनी वाढलेले बाळ दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोंनीच वाढते, आणि आपण मात्र त्याच्या ताटाकडे जुन्याच अपेक्षेने पाहत राहतो.

यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमध्ये आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्यांच्या पाच हजारांहून अधिक जोड्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. मुलामुलांमध्ये या प्रवृत्तीत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ७८ टक्के भाग अनुवंशाने स्पष्ट होतो, असे तिच्यात आढळले. तेव्हा आपल्या हातून काही चुकले असे मानू नका. सासूबाईंना एकदा विचारून पाहा, मुलाचे बाबा लहानपणी काय काय खात नसत.

किती वेळा, याचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा बरेच मोठे आहे. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळे कमी-अधिक वेळा देऊन पाहिली, तेव्हा जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला गेला, तितका तो अधिक आवडू लागला. दहा-पंधरा वेळा देण्याचा सल्ला अशाच प्रयोगांवर आधारलेला आहे. घरी मात्र तीन-चार नकारांनंतर "त्याला दोडका आवडत नाही" असा निकाल लागतो. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की नुसते पाहून आवड वाढत नाही, चव घ्यावीच लागते, मग ती जिभेच्या टोकापुरती का असेना. एखादी फोड चाटून परत ताटात ठेवली, तर तीही चवच समजावी.

आता चॉकलेटविषयी. भाजी खाण्याचे बक्षीस म्हणून गोड दिले की मुलाच्या मनात भाजी ही सोसायची गोष्ट ठरते आणि गोडाचे मोल आणखी वाढते. मात्र सगळीच बक्षिसे वाईट नसतात: ब्रिटनमधील एका प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना नावडत्या भाजीची नुसती चव घेतल्याबद्दल स्टिकर देण्यात आले, आणि त्याचा चांगला उपयोग झाला. बक्षीस खाण्याची वस्तू नसावे आणि ते ताट संपवण्यासाठी नसावे, एवढा भेद सांभाळावा. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे. प्रत्येक जेवणात त्याच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असू द्या, नव्याचा एक चमचा कडेला वाढा आणि त्याविषयी अवाक्षर काढू नका. हे शेवटचेच सर्वांत कठीण असते.

उत्तर – जुनी चूल

मेतकूट यांचे म्हणणे पटले, तरी एक गोष्ट जोडते. आमच्या घरी मुलांची पंगत बसे आणि कारले केले असेल त्या दिवशी दुसरी भाजी नसे, म्हणून आम्ही सगळे खायला शिकलो, असे मीही सुनेला अनेकदा ऐकवले आहे. ते अर्धेच खरे आहे. पंगतीत शेजारचा चुलतभाऊ मिटक्या मारत खातो हे पाहून पुष्कळ गोष्टी तोंडात गेल्या, हे खरे. पण पडवळ संपेपर्यंत वडील पाटावरून उठू देत नसत, आणि आज अडुसष्टाव्या वर्षीही मी पडवळ खात नाही. तेव्हा नातवाला शक्य तेव्हा चार मुलांबरोबर जेवायला बसवा, आणि भरवण्याऐवजी सासूबाईंनी स्वतःचे ताट घेऊन त्याच्यासमोर जेवावे.

उत्तर – दोडका

लपवण्याविषयी माझा अनुभव प्रतिकूल आहे. मी मुलीच्या पराठ्यात बीट किसून घालत असे. एके दिवशी तिला लाल तंतू दिसला आणि त्यानंतर पाच महिने तिने बीट तर सोडाच, पराठाही खाल्ला नाही. पोषणासाठी कणकेत भाजी घालायला हरकत नाही, परंतु तिच्यादेखत घालावी. तसेही लपवलेली भाजी मूल ओळखायला शिकत नाही.

आम्हाला उपयोग झाला तो ओळखीच्या पदार्थापासून एकच पाऊल पुढे टाकण्याचा. आपला मुलगा बटाट्याच्या काचऱ्या खातो, तर त्याच आकाराच्या, तशाच परतलेल्या रताळ्याच्या काचऱ्या करून पाहा आणि पुढे कच्च्या केळ्याच्या. डोशाकडून मुगाच्या पातळ, कुरकुरीत धिरड्याकडे जाता येईल. एकदम आंबोळी ही फार लांबची उडी झाली. मंडईत त्याला एक भाजी निवडू द्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसवा. सोलताना दोन दाणे आपोआप तोंडात जातात, कारण तेव्हा कोणी "खा" म्हणत नसते.

उत्तर – माजघर

दूध किती पितो, हे आपण लिहिलेले नाही. या वयात दिवसाला अर्धा लिटरपेक्षा अधिक दूध पोटात गेले की भूक मरते आणि शरीरातील लोहही कमी पडू शकते. वजन वाढायचे थांबले, खाताना वारंवार उलटीची उबळ येऊ लागली किंवा चालत असलेले पदार्थही एकामागून एक बंद होऊ लागले, तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

अळूवडी

सर्वांचे आभार. दूध मोजले, तर ते पाऊण लिटरच्या वर निघाले. संध्याकाळचा पेला बंद केल्यावर रात्री तो स्वतःहून स्वयंपाकघरात येऊ लागला. मुलाचे बाबा सात वर्षांचे होईपर्यंत भात आणि दह्याखेरीज काही खात नसत, हेही सासूबाईंनी हसत कबूल केले. रताळ्याच्या काचऱ्या गेल्या तीन आठवड्यांत सात वेळा केल्या. सहा वेळा त्या तशाच राहिल्या. काल त्याने एक चकती उचलली, चावली, तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि आमच्याकडे पाहिले. सासूबाई काही तरी बोलणार होत्या, पण त्यांनी लोणच्याची बरणी जवळ ओढली आणि त्या मुकाट्याने जेवू लागल्या.